टॅग कमी करायचे, पण कोणते? डिटा नियमावली हलकी करण्याचे एक प्रकरण

औद्योगिक पंप आणि त्यांचे नियंत्रक बनवणाऱ्या कंपनीचा दस्तऐवज विभाग. बसवणी, वापर आणि देखभालीची पुस्तके इथे डिटा 1.3 मध्ये (तांत्रिक मजकूर छोट्या, टॅग लावलेल्या तुकड्यांत लिहिण्याचे एक्सएमएल मानक) लिहिली जातात. सात लेखक, सुमारे 2,800 टॉपिक (स्वतंत्र वाचता येणारे मजकुराचे तुकडे), सहा भाषांत भाषांतर. आउटपुट दोन: छापील पुस्तकासाठी पीडीएफ आणि तंत्रज्ञाच्या टॅबलेटवर दिसणारे एचटीएमएल. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे आणि आकडे आवाका कळावा म्हणून धरले आहेत. अडचणी मात्र डिटा काही वर्षे वापरलेल्या कुठल्याही विभागाला ओळखीच्या वाटतील.

तक्रारी तीन बाजूंनी येत होत्या. नवा लेखक कामाला लागला की कुठला टॅग कुठे वापरायचा हे विचारण्यातच त्याचे पहिले काही महिने जायचे. भाषांतर करणारे सांगायचे की एकाच बटणाचे नाव तीन वेगवेगळ्या टॅगांत येते. अभियंते तर एक्सएमएलच्या वाटेलाच जात नसत. ते वर्ड फाइल पाठवत आणि लेखक ती नव्याने टॅग करत बसत. नियमावली 140 पानांची होती, आणि तिच्यातली दोन प्रकरणे एकमेकांशी जुळत नव्हती.

यावर दोन प्रस्ताव आले. पहिला, डिटा सोडून सगळे मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातल्या मोजक्या खुणांच्या पद्धतीत) करा. दुसरा, लाइटवेट डिटा, म्हणजे डिटाचे हलके रूप, स्वीकारा. दोन्ही जसेच्या तसे नाकारले गेले. का, ते समजण्यासाठी मानकाची वाटचाल थोडी पाहावी लागते.

मानक जड कसे झाले

डिटा आयबीएमने 2001 मध्ये जाहीर केले, 2004 मध्ये ते ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेकडे गेले आणि 2005 मध्ये आवृत्ती 1.0 आली. पुढे 2007 मध्ये 1.1, 2010 मध्ये 1.2 आणि 2015 मध्ये 1.3. प्रत्येक आवृत्तीने कुणाची तरी खरी गरज भागवली: 1.2 ने 'की' (फाइलीला किंवा मजकुराला दिलेले नाव) वापरून पुनर्वापर आणि धोक्याच्या इशाऱ्याची रचना दिली, 1.3 ने दोषनिवारणाचा टॉपिक आणि की-स्कोप (ते नाव कुठे लागू याची हद्द) दिले. परिणामी 1.3 च्या पूर्ण संचात सहाशेहून अधिक एलिमेंट, म्हणजे वेगवेगळे टॅग, झाले. ते सगळे एका विभागाला लागणार नाहीत हे समितीलाही माहीत होते. म्हणून 1.3 तीन संचांत निघाले: मूळ संच, तांत्रिक मजकुराचा संच आणि सर्वसमावेशक संच.

ओएसिसने 2018 मध्ये लाइटवेट डिटाची ओळख करून देणारी टिपणी प्रसिद्ध केली. ती मानक नव्हे, समितीची टिपणी आहे, हे लक्षात ठेवायला हवे. तिच्यात एकच छोटा नमुना तीन स्वरूपांत लिहिता येतो: एक्सएमएलमध्ये एक्सडिटा, एचटीएमएल5 मध्ये एचडिटा आणि मार्कडाउनमध्ये एमडिटा. टॉपिक आणि मॅप (टॉपिकांचा क्रम लावणारी फाइल) एवढेच दोन साचे. कृतीसाठी वेगळा 'टास्क' नाही, आणि धोक्याच्या इशाऱ्याची रचनाही नाही. दाबाखालच्या यंत्राची दुरुस्ती शिकवणाऱ्या पुस्तकात याच दोन गोष्टींना तडजोड नसते.

म्हणून तिसरा मार्ग निवडला: डिटा 1.3 च ठेवायचे, पण 1.2 पासून मिळालेली 'कन्स्ट्रेंट' सोय वापरून ते आवळायचे. या सोयीचा पाया एका अटीवर आहे: आवळलेल्या साच्यात (कुठला टॅग कुठे चालतो याच्या नियमांत) वैध असलेला प्रत्येक टॉपिक मूळ डिटातही वैध असलाच पाहिजे. कन्स्ट्रेंटने काढता येते, घालता येत नाही. डॉकबुक या दुसऱ्या एक्सएमएल मानकाच्या साध्या आवृत्तीनेही हीच शिस्त पाळली होती. उद्या एखादा टॅग परत लागला तर मजकुराला हात न लावता तो मोकळा करता येतो. परतीची ही वाट बंद करणारे कुठलेही सुलभीकरण पुढे महागात पडते.

मोजणी, आणि मोजणी जिथे फसवते

पहिले काम म्हणजे गणती. एका एक्सक्वेरीने (एक्सएमएलमध्ये शोध घेण्याच्या आज्ञेने) सगळ्या टॉपिकमधून तीन याद्या काढल्या: कुठला एलिमेंट किती फाइलींत आहे, कुठला कुणाच्या आत आहे, आणि कुठल्या अॅट्रिब्यूटला (टॅगाला जोडलेल्या गुणधर्माला) कोणत्या किमती, म्हणजे मूल्ये, दिल्या आहेत. 187 एलिमेंट वापरात निघाले. त्यांतले 71 दहाहूनही कमी फाइलींत होते.

ही यादी हातात आली की दहाहून कमी वापराचे सगळे छाटून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. कमी वापर म्हणजे गरज नाही असे नव्हे. कित्येकदा लेखकाला तो टॅग ठाऊकच नसतो आणि तो तीच गरज दुसरीकडे ठळक अक्षरांत भागवत असतो. उलट 'बी' हा ठळक अक्षरांचा टॅग हजारो ठिकाणी होता, पण त्यामागे किमान चार वेगळे हेतू दडले होते: बटणाचे नाव, भागाचे नाव, "टीप" हा शब्द, आणि नुसता भर. म्हणून प्रत्येक संशयित टॅगाचे पन्नास नमुने उघडून वाचले. यंत्राची यादी कुठे पाहायचे ते सांगते. निर्णय वाचूनच घ्यावा लागतो.

कसोटी एकच ठेवली. हा टॅग काढून शेजारचा वापरला तर कुठे काय बदलेल? पीडीएफमध्ये, टॅबलेटवर, शोधात, भाषांतरात की पडताळणीत? एकही उत्तर आले नाही तर टॅग गेला. "अर्थाच्या दृष्टीने जास्त बरोबर" हे कारण धरले नाही. तो अर्थ कुणी वाचतच नसेल, तर त्याचा भार फक्त लेखकावर पडतो.

या कसोटीवर 62 एलिमेंट उरले.

एका पायरीच्या आत

सगळ्यात जास्त गोंधळ टास्कमध्ये होता. हा नमुना पाहा: "सप्लाय व्हॉल्व्ह बंद करा. प्रेशर गेजचा काटा शून्यावर येतो. काटा शून्यावर आला नाही तर ड्रेन व्हॉल्व्ह उघडा." एका लेखकाने तिन्ही वाक्ये 'सीएमडी' या आज्ञेच्या टॅगात कोंबली होती. दुसऱ्याने पहिले वाक्य 'सीएमडी'त आणि उरलेली दोन 'इन्फो'त ठेवली होती. तिसऱ्याने काट्याचे वाक्य 'स्टेपरिझल्ट'मध्ये ठेवून शेवटच्या वाक्यासाठी 'चॉइसेस' यादी बनवली होती.

नव्या नियमाच्या पहिल्या मसुद्यात 'स्टेप'मध्ये 'सीएमडी' आणि 'इन्फो' एवढेच ठेवले होते. दोनच टॅग, शिकायला सोपे. चाचणीसाठी तीस टॉपिक त्यात बदलले तेव्हा 'इन्फो'च्या सुरुवातीला ठळक अक्षरांत "परिणाम:" असे हाताने लिहिलेले दिसू लागले. लेखकांना तो भेद दाखवायचाच होता, कारण तंत्रज्ञ पायरी बरोबर झाली की नाही हे त्याच वाक्यावरून ठरवतो. टॅग काढल्याने गरज गेली नाही. ती फक्त यंत्राला दिसेनाशी झाली आणि सहा भाषांत सहा प्रकारे लिहिली गेली.

मग मसुदा बदलला. 'सीएमडी'त एकच वाक्य, एकच आज्ञा. 'स्टेपरिझल्ट'मध्ये पायरी झाल्यावर दिसणारी खूण. तिसऱ्या वाक्यासाठी 1.3 मध्ये आलेला 'स्टेपट्रबलशूटिंग'. गणतीत तो जेमतेम अकरा ठिकाणी होता आणि छाटणीच्या यादीत जमा झाला होता, पण "आला नाही तर", "होत नसेल तर" अशी वाक्ये 'इन्फो'त शोधल्यावर चारशेहून जास्त जागा निघाल्या. लेखकांनी डिटा 1.2 च्या काळात लिहायची सवय लावून घेतली होती. नंतर आलेला टॅग कुणी शिकवलाच नव्हता. आता टॅबलेटवर हा भाग मिटलेला असतो आणि अडल्यावर बोटाने उघडता येतो. टॅग राखायचे हे खरे कारण.

'स्टेपएक्झाम्पल', 'ट्युटोरियलइन्फो', 'आयटमग्रुप' आणि 'चॉइसटेबल' गेले. 'चॉइसेस' राहिला. 'सबस्टेप्स' काढण्यावर वाद झाला. उपपायऱ्या मुळात वाईट नाहीत, पण टॅबलेटच्या पडद्यावर एका वेळी एकच पायरी दिसते आणि 'क' उपपायरी कुणाची हे तंत्रज्ञाला कळत नाही. उपपायऱ्या चारपेक्षा जास्त असतील तर वेगळा टास्क करायचा, कमी असतील तर सरळ पायऱ्या करायच्या, असे ठरले.

ओळीतले टॅग आणि भाषांतराची स्मृती

ओळीच्या आतले टॅग संख्येने जास्त, आणि त्यांवर वेळ सर्वांत जास्त जातो. 'कोडपीएच', 'फाइलपाथ', 'युजरइनपुट', 'सिस्टमआउटपुट', 'सीएमडीनेम', 'पॅरमनेम' या सहांनाही दोन्ही आउटपुटमध्ये समान रुंदीची अक्षरे मिळत होती, आणि विभागाच्या भाषांतर-फिल्टरमध्ये सहांनाही "भाषांतर नको" असाच शिक्का होता. वागणूक एकच, म्हणून 'कोडपीएच' ठेवून पाच काढले. 'यूआयकंट्रोल' आणि 'विनटायटल' यांत मात्र 'यूआयकंट्रोल' राहिला, कारण त्यातला मजकूर नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरमधल्या शब्दांच्या फाइलीशी आपोआप ताडला जातो. 'मेनूकॅस्केड' त्याच्यासोबत राहिला; त्यामुळे मेनूच्या नावांमधले बाण हाताने टाकावे लागत नाहीत.

हे बदल एका एक्सएसएलटीने (एक्सएमएल आपोआप बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) तासाभरात होतात. पण खर्च दुसरीकडे लागतो. भाषांतराच्या स्मृतीत, म्हणजे आधीच्या भाषांतरांच्या साठ्यात, वाक्यासोबत त्यातले टॅगही साठवलेले असतात. 'फाइलपाथ'चा 'कोडपीएच' झाला की शब्द तेच असूनही ते वाक्य पूर्ण जुळणी म्हणून येत नाही, अर्धवट जुळणी म्हणून येते, आणि सहा भाषांत त्याचे पुन्हा पैसे मोजावे लागतात. हा फटका अनेकदा बदल झाल्यावर, पहिल्या बिलासोबत लक्षात येतो.

उपाय असा केला. भाषांतराची एक फेरी पूर्ण संपल्यावर, पुढची सुरू होण्याआधी, मूळ आणि भाषांतरित दोन्ही टॉपिकांवर तीच एक्सएसएलटी चालवली. दोन्ही बाजूंची रचना आणि आयडी सारखेच असल्याने जोड्या पुन्हा जुळवून नवी स्मृती बनवणे यांत्रिक काम उरले. जुनी स्मृती टाकली नाही. ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली. फेरी चालू असताना हा बदल करू नये, कारण अर्धे वाक्यसंच जुन्या टॅगांचे आणि अर्धे नव्यांचे परत येतात.

इशारे: इथे टॅग वाढले

धोक्याचे इशारे बहुतेक ठिकाणी 'नोट'मध्ये, प्रकार "इशारा" असे लिहून दिले होते. आत एकच परिच्छेद. त्यात धोका काय हे असे, पण टाळायचे कसे हे पुष्कळदा नसे. 'हॅझर्डस्टेटमेंट'मध्ये धोक्याचा प्रकार, परिणाम आणि टाळण्याचा उपाय यांना वेगळे कप्पे असतात, आणि उपायाचा कप्पा गाळता येत नाही. म्हणून इथे सोपा टॅग बंद करून अवघड टॅग सक्तीचा केला. लेखकाचे काम वाढले, आणि ते वाढायलाच हवे होते.

हे रूपांतर यंत्राकडून करून घेऊ नये. परिच्छेद तीन कप्प्यांत फोडताना उपाय मजकुरातच नसेल तर तो लेखकाने मनाने लिहायचा नसतो. उत्पादनाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अभियंत्याकडून तो घ्यावा लागतो. सगळ्या कामात सर्वांत संथ भाग हाच होता.

पुनर्वापर आणि गाळणी

'कॉनरेफ'च्या (दुसऱ्या टॉपिकमधला मजकूर ओढून आणण्याच्या) साखळ्या तीन-तीन टॉपिक लांब झाल्या होत्या. नियम केला: पुनर्वापर होणारा मजकूर फक्त ठरलेल्या भांडार-टॉपिकमध्ये राहील, तिथपर्यंत 'कॉनकीरेफ'नेच (फाइलीच्या जागेऐवजी 'की' वापरणाऱ्या कॉनरेफने) जायचे, आणि भांडाराने पुढे कुणाकडे बोट दाखवायचे नाही. परिच्छेद, पायरी, इशारा अशा पूर्ण तुकड्यांचाच पुनर्वापर होईल. ओळीतल्या शब्दासाठी 'कीरेफ' (त्या जागी 'की'चा मजकूर आणणारा उल्लेख) चालेल, पण त्यात फक्त मॉडेलचे नाव किंवा क्रमांक. सामान्य नाम त्यात घातले की मराठीसारख्या भाषेत "पंपाचा" ऐवजी "पंपचा" तयार होते आणि भाषांतरकाराला ते दुरुस्त करायला जागाच नसते.

गाळणीसाठी (कुठल्या पुस्तकात कुठला मजकूर ठेवायचा हे ठरवण्यासाठी) 'प्रॉडक्ट' आणि 'ऑडियन्स' एवढेच अॅट्रिब्यूट राहिले, आणि त्यांच्या किमती सब्जेक्ट स्कीम मॅपने (चालणाऱ्या किमतींची यादी देणाऱ्या फाइलीने) बांधून टाकल्या. गणतीत एकाच मॉडेलची पाच स्पेलिंगे सापडली होती. चुकीची स्पेलिंग गाळणीत सहसा वगळली जात नाही, म्हणून ती ओळ सगळ्या पुस्तकांत जाते. तक्त्यात गाळणी पूर्ण ओळीवरच लावायची. एखाद्या कप्प्यावर लावली तर तो नाहीसा होतो आणि उरलेले कप्पे चुकीच्या स्तंभाखाली सरकतात. टॉर्कच्या (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याच्या) तक्त्यात असे झाले तर काय होईल ते सांगायला नको.

अभियंत्यांसाठी मार्कडाउनचे दार

आवृत्तीच्या बदलांच्या नोंदी आणि पॅरामीटरची वर्णने, सुमारे अडीचशे टॉपिक, अभियंत्यांनी थेट एमडिटात लिहावेत असे ठरले. डिटा ओपन टूलकिट, म्हणजे डिटातून पुस्तके बनवणारे मुक्त सॉफ्टवेअर, मार्कडाउनचे टॉपिक मॅपमध्ये इतरांसोबत घेते, त्यामुळे पुस्तक एकच राहते. कृती आणि इशारे मात्र मार्कडाउनमध्ये नाहीत, अशी स्पष्ट रेघ मारली.

चुका ठरलेल्या जागी होतात. एमडिटात शीर्षकानंतरचा पहिला परिच्छेद टॉपिकचे लघुवर्णन होतो. कुणी तिथे "आवृत्ती 4 पासून उपलब्ध" लिहिले की शोधाच्या निकालात आणि दुव्यांखाली प्रत्येक पॅरामीटरसमोर तेच वाक्य दिसते. दुसरे, दुव्याचा आयडी उपशीर्षकाच्या शब्दांवरून बनतो, म्हणून शीर्षक सुधारले की दुवा तुटतो. बाहेरून दुवा येणाऱ्या शीर्षकाला आयडी हाताने द्यावा. तिसरे, डिटात 'सेक्शन'च्या आत 'सेक्शन' बसत नाही, त्यामुळे तिसऱ्या पातळीचे शीर्षक आले की टॉपिक फोडायची वेळ झाली असे समजावे. तक्त्याच्या कप्प्यात यादी किंवा दोन परिच्छेद लागत असतील तर तो टॉपिक एक्सएमएलकडे परत द्यावा.

बदलाचा क्रम

मानकासोबत येणाऱ्या मॉड्यूल फाइलींना हात लावायचा नाही. ओएसिसच्या साच्याची प्रत काढायची, तिला स्वतःची ओळख-संज्ञा द्यायची, नको असलेले डोमेन (एका विषयाचे टॅगगट) वगळायचे आणि कन्स्ट्रेंटची फाइल जोडायची. 1.3 मध्ये रिलॅक्स एनजीत (साचा लिहिण्याच्या एका भाषेत) हे डीटीडी या जुन्या भाषेपेक्षा पुष्कळ सोपे जाते. सुरुवातीला सहा आठवडे जुनाच साचा ठेवून नवे नियम स्कीमट्रॉनमधून (एक्सएमएलवर जादा नियम तपासणाऱ्या साधनातून) नुसती सूचना म्हणून दाखवले. लेखक लिहिता लिहिता शिकले आणि कुठला नियम अडतो हेही दिसले. स्कीमट्रॉनचे नियम एलिमेंटच्या नावावर लिहायचे की 'क्लास' अॅट्रिब्यूटवर (एलिमेंट कशापासून बनला हे सांगणाऱ्या), हे आधी ठरवावे. 'स्टेप' हा यादीतल्या नगाचाच विशेष प्रकार आहे, म्हणून 'क्लास'वर लिहिलेला यादीचा नियम पायऱ्यांनाही लागू होतो. कधी तेच हवे असते, कधी नाही.

त्यानंतर भांडार-टॉपिक सर्वांत आधी नव्या साच्यात नेले. याचे कारण तांत्रिक आहे. आवळलेल्या टॉपिकने मोकळ्या टॉपिकमधून 'कॉनरेफ'ने मजकूर ओढला तर बंदी असलेले टॅग मागच्या दाराने आत येतात आणि डोमेन जुळत नसल्याच्या सूचना येत राहतात. उलट दिशेने, मोकळ्याने आवळलेल्यातून ओढले तर काही बिघडत नाही. आयडी एकही बदलला नाही. उपपायऱ्या फोडल्या तिथे जुना आयडी पहिल्या पायरीला ठेवला.

प्रत्येक गटानंतर तेच मॅप जुन्या आणि नव्या रूपात प्रकाशित करून एचटीएमएलमधला नुसता मजकूर शेजारी ठेवून ताडला. एका शब्दाचाही फरक अपेक्षित नसताना आला तर गट परत. ही पायरी वाचवायचा विचार करू नये. नुसती वैधता तपासून गहाळ झालेला परिच्छेद सापडत नाही.

140 पानांच्या नियमावलीच्या जागी नऊ पाने उरली. जे साचा आणि स्कीमट्रॉन अडवतात ते पुस्तकात लिहायची गरज राहिली नाही. त्या नऊ पानांत यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी आहेत: टॉपिक कुठे तोडायचा, लघुवर्णन कसे लिहायचे, 'स्टेपरिझल्ट' कधी गाळायचा.

नवा टॅग मागितला तर

काढलेले टॅग हळूहळू परत येतात, आणि ते कुणाच्या विनंतीवर येतात याची नोंद नसेल तर पाच वर्षांत मूळ स्थिती उभी राहते. म्हणून विनंतीत तीन गोष्टी लिहायच्या: आउटपुटमध्ये नेमके काय वेगळे होईल, आज ही गरज कुठल्या टॅगाने भागवली जाते याची दहा उदाहरणे, आणि भाषांतराच्या स्मृतीवर परिणाम. कन्स्ट्रेंटच्या फाइलीला आवृत्ती क्रमांक असतो आणि बदल वर्षातून दोनदाच, भाषांतराच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये होतात.

पहिली विनंती टॉर्कच्या मूल्यासाठी स्वतंत्र टॅगाची आली. नुसते ठळक दिसावे एवढेच कारण असते तर ती नाकारली गेली असती. पण टॅबलेटवर एका कामातली सगळी टॉर्क मूल्ये एकत्र दाखवायची होती, आणि त्यासाठी ती यंत्राला ओळखता येणे भाग होते. नवा एलिमेंट घडवला नाही. 'पीएच' या साध्या टॅगाला 'आउटपुटक्लास'ची (आउटपुटमध्ये वेगळी वागणूक मागणाऱ्या अॅट्रिब्यूटची) एक ठरलेली किंमत दिली आणि स्कीमट्रॉनने त्या यादीबाहेरच्या सगळ्या किमती बंद केल्या, कारण मोकळा सोडलेला 'आउटपुटक्लास' म्हणजे मागच्या दाराने आलेली जुनी टॅगगर्दीच. मान्यतेसोबत अटही नोंदवली: पुढच्या दोन प्रकाशनांत टॅबलेटवर ती यादी प्रत्यक्ष दिसली नाही, तर ही किंमत यादीतून निघेल.